अनोळखी कार्ब्युरेटरची ओळख आणि त्याचा पर्याय

पनवेल-मुंब्रा रस्त्याने तळोजा औद्योगिक वसाहतीत शिरणाऱ्या किंवा तेथून कळंबोलीच्या पोलाद बाजाराकडे वळणाऱ्या मालमोटारींची आज मोजदाद केली, तर त्यांत पेट्रोलवर चालणारे जुन्या धाटणीचे अवजड वाहन आढळणे दुरापास्तच होय. डिझेल एंजिनाने हे क्षेत्र केव्हाच व्यापले आहे. कार्ब्युरेटर हा अवयव आता दुचाकी दुरुस्त करणाऱ्यांच्या हाती तेवढा उरला आहे. आणि भारत स्टेज ६ ची मानके एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांतूनही तो बहुतांशी हद्दपार झाला. अशा स्थितीत १९४० च्या दशकातील एखादी मालमोटार तळोज्याच्या एखाद्या शेडमध्ये दुरुस्तीसाठी आली, तिचा कार्ब्युरेटर निकामी झालेला आहे आणि त्यावर निर्मात्याचे नाव वा क्रमांक काहीच दिसत नाही, असे समजले, तर तो कोणता हे ठरवावयाचे कसे, आणि तो मिळत नसल्यास त्याच्या जागी दुसरा कोणता बसवावा, हा प्रश्न उभा राहतो. वरकरणी हा कारागिराचा प्रश्न वाटतो. वस्तुतः द्रवगतिशास्त्रातील एका जुन्या सिद्धान्ताची ती अगदी नेमकी परीक्षा आहे.

अशी वाहने या भागात आली कोठून, हे प्रथम पाहणे उपयुक्त ठरेल, कारण ओळखीचा पहिला धागा तेथेच सापडतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला व तो १९५४ मध्ये बंद झाला. शेव्हरलेट मालमोटारी तेथूनच बाहेर पडत. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ पासून कार्यरत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ला येथे क्रायस्लरच्या परवान्याने डॉज व फार्गो मालमोटारींची जुळणी केली. यांत दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेल्या वाहनांची भर पडली. त्यांत कॅनडात बनलेली शेव्हरलेट व फोर्ड यांची लष्करी वाहनेही होती. म्हणजे एकाच रस्त्यावर अमेरिकन, कॅनेडियन व ब्रिटिश अशा तीन परंपरांची यंत्रे धावत होती, आणि सुटे भाग आयात करण्यावर निर्बंध आल्यावर एकाचा अवयव दुसऱ्यावर चढविण्याचा प्रघात पडला. सत्तर वर्षांपूर्वीच्या मालमोटारीवर आज जो कार्ब्युरेटर दिसतो तो तिचा जन्मजात कार्ब्युरेटर असेलच, असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे आहे. ‘हा कार्ब्युरेटर कोणता?’ आणि ‘या एंजिनास कोणता कार्ब्युरेटर हवा?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. बहुतेक चुका या दोहोंची गल्लत केल्याने होतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना नावाची पट्टी ही सर्वांत कमी भरवशाची साक्ष होय. सेंट लुईस येथील कार्टर कंपनीच्या कार्ब्युरेटरचा क्रमांक झाकणाच्या एका स्क्रूखाली अडकविलेल्या पितळी चकतीवर असे. कोणी झाकण उघडून पुन्हा लावताना ती चकती टाकून दिली की त्या वस्तूची ओळखच गेली. ओतकामात उठलेले आकडे हे ओतीव भागाचे क्रमांक असतात. एकच ओतीव कवच अनेक प्रकारांस वापरले जाई, म्हणून त्यावरून निर्णय करणे म्हणजे सदऱ्याच्या कापडावरून माणसाचे गाव सांगण्यासारखे आहे. काही निर्मात्यांचे आकडे मात्र खरोखरच बोलके असतात. फोर्डच्या व्ही-८ एंजिनावरील स्ट्रॉम्बर्ग ९७ या कार्ब्युरेटरवरचा ‘९७’ हा आकडा त्याच्या गळ्याचा व्यास ०.९७ इंच, म्हणजे सुमारे २४.६ मि.मी., असल्याचे सांगतो. सोलेक्सच्या नावातील ३२ हा थ्रॉटलच्या नळीचा मिलिमीटरमधील व्यास असतो. म्हणजे एक निर्माता गळा मोजतो व दुसरा नळी. हे ध्यानात न घेता दोन आकड्यांची तुलना केल्यास ती निरर्थक ठरते.

नावापेक्षा आट्यांची साक्ष अधिक प्रामाणिक असते. कार्टर, रॉचेस्टर, स्ट्रॉम्बर्ग या अमेरिकन कार्ब्युरेटरांवरील स्क्रूंचे आटे इंचमापाचे व ६० अंशांच्या कोनाचे असतात. जुन्या ब्रिटिश यंत्रांतील व्हिटवर्थ घराण्याचे आटे इंचमापाचेच, परंतु ५५ अंशांचे. मूळ फ्रेंच आराखड्याच्या सोलेक्सवर मेट्रिक आटे. आटे मोजण्याची पट्टी लावून दोन-तीन स्क्रू तपासले की वस्तूचा वंश बराचसा कळतो. मात्र एखादा स्क्रू बळजबरीने बसविलेला असू शकतो. म्हणून सहसा कोणी हात न लावलेल्या जागेचे, जसे थ्रॉटलच्या दांडीवरील फुलपाखरी झडपेचे, स्क्रू पाहावेत.

याहून खोल साक्ष अंतर्रचनेची. साध्या जेटचा एक मूलभूत दोष असा की एंजिनाचा वेग वाढून हवेचा प्रवाह वाढला म्हणजे पेट्रोलचे प्रमाण हवेच्या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने वाढते व मिश्रण दाट होत जाते. हा दोष दूर करण्याची प्रत्येक निर्मात्याची युक्ती निराळी होती, आणि ती युक्ती हीच त्याची खरी स्वाक्षरी होय. झेनिथमध्ये फ्रान्समधील बाव्हरे याची योजना असते. मुख्य जेटच्या जोडीला एक पूरक जेट वातावरणाला उघड्या असलेल्या विहिरीत पेट्रोल सोडतो. त्याचा प्रवाह एंजिनाच्या शोषणावर अवलंबून नसल्यामुळे वेग वाढेल तसे त्याचे प्रमाण घटते. एक जेट दाट होत जातो, दुसरा विरळ, आणि बेरीज जवळजवळ स्थिर राहते. कार्टरमध्ये मुख्य जेटच्या छिद्रातून एक निमुळती सळई वरखाली होते व ती थ्रॉटलच्या दांड्याला जोडलेली असते. स्ट्रॉम्बर्ग व सोलेक्स यांत पेट्रोलच्या वाटेत हवा मिसळून तोच परिणाम साधला जातो. सोलेक्सच्या बऱ्याच नमुन्यांत चोकच्या पडद्याऐवजी थंड एंजिन सुरू करण्यासाठी एक फिरती चकती असते. एस.यू. कार्ब्युरेटरची कथा तर निराळीच, कारण त्याचा गळाच एका दट्ट्याने कमीजास्त होतो. कवच गंजलेले असो, पट्टी हरवलेली असो. झाकण उघडून विहीर, सळई किंवा फिरती चकती यांपैकी काय दिसते हे पाहिले, की घराणे निश्चित होते.

तरीही घराणे कळणे म्हणजे योग्यता कळणे नव्हे. त्यासाठी एंजिनाकडेच वळले पाहिजे, आणि येथे एक उदाहरण सविस्तर घेणे इष्ट ठरेल. शेव्हरलेटचे २१६.५ घनइंचांचे सहा सिलिंडरचे एंजिन १९३७ ते १९५३ या काळात तिच्या मालमोटारींवर होते. १९४९ पर्यंत त्यावर बहुधा कार्टरचा डब्ल्यू-१ असे, पुढे रॉचेस्टर आला. या एंजिनाचे आकारमान सुमारे ३,५४८ घ.सें.मी. भरते. चार-घाती चक्रात दोन फेऱ्यांत एकदाच संपूर्ण आकारमानाची हवा आत घेतली जाते. तेव्हा मिनिटास ३,००० फेऱ्यांना सैद्धान्तिक हवा ५.३ घनमीटर होते. सिलिंडर प्रत्यक्षात तीनचतुर्थांशच भरतात असे धरल्यास मिनिटास सुमारे ४ घनमीटर, म्हणजे सेकंदास ०.०६६ घनमीटर हवा कार्ब्युरेटरच्या गळ्यातून जावयास हवी. या कमाल प्रवाहास गळ्यातील वेग सेकंदास १०० मीटरच्या आसपास राखावयाचा, तर गळ्याचे क्षेत्रफळ ६.६ चौरस सें.मी. व व्यास सुमारे २९ मि.मी. येतो.

आता इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी (१७४६-१८२२) याच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम लावावा. सेकंदास १०० मीटर वेगाने व घनमीटरला १.१५ किलोग्रॅम घनतेच्या (कोकणातील उष्ण दिवसाच्या) हवेत गळ्यातील दाब सुमारे ५,७५० पास्कलने उतरतो. हाच उतार जेटमधून पेट्रोल वर ओढतो. पूर्ण शक्तीसाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १२.५ : १ धरले, तर सेकंदास ६.१ ग्रॅम पेट्रोल लागते; आणि ०.७५ हा प्रवाहगुणांक घेतल्यास जेटच्या छिद्राचा व्यास जवळजवळ १.९ मि.मी. येतो. प्रत्यक्ष कार्ब्युरेटरांत जेट याहून लहान आढळतो. त्यात गणिताची चूक नाही. गळ्याच्या आत दुसरा छोटा गळा बसवून शोषण वाढविलेले असते. ते दुप्पट झाले तर जेट १.६ मि.मी. पुरतो. कार्टर डब्ल्यू-१ मध्ये असे एकात एक तीन गळे असतात. याचाच व्यावहारिक अर्थ असा की एका कार्ब्युरेटरचा जेट काढून ‘तेवढ्याच मापाचा’ म्हणून दुसऱ्यात बसविणे शास्त्रशुद्ध नाही. शिवाय काही निर्मात्यांचा जेटवरील आकडा छिद्राचा व्यास दर्शवितो, तर काहींचा मिनिटाचा प्रवाह; हेही गोंधळाचे एक कारण आहे.

या गणिताची एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. सहा सिलिंडरांचे श्वास एकमेकांत मिसळत असल्यामुळे प्रवाह बऱ्यापैकी सलग राहतो. चार सिलिंडरांच्या एंजिनात, उदाहरणार्थ जीपच्या, प्रवाहाचे हेलकावे मोठे असतात. सरासरीवरून काढलेला गळा तेथे तोकडा पडतो व तो थोडा मोठा घ्यावा लागतो.

गळा ठरला, की तो मॅनिफोल्डवर बसेल काय, हा प्रश्न येतो. अमेरिकन अभियंत्यांच्या संघाने दोन बोल्टांच्या बैठकीची मापे प्रमाणित केली होती : १ इंची बैठकीस बोल्टांच्या केंद्रांतील अंतर २ ३/८ इंच (६०.३ मि.मी.), सव्वा इंचीस २ ११/१६ इंच (६८.३ मि.मी.) आणि दीड इंचीस २ १५/१६ इंच (७४.६ मि.मी.). फोर्ड व्ही-८ वरील स्ट्रॉम्बर्ग व होली यांच्या बैठकीस तीन बोल्ट असतात. अंतर जुळत नसेल, तर मधली जोडपट्टी करून घेता येते. तळोज्यासारख्या औद्योगिक वसाहतीत हे लेथवरील एका दिवसाचे काम आहे. मात्र जोडपट्टीचे भोक वरच्या नळीपासून खालच्या नळीपर्यंत हळूहळू बदलत गेले पाहिजे. मध्ये पायरी राहिली तर पेट्रोलचे थेंब तेथे साचतात. बोल्टांची भोके कानशीने लांबवून बैठक ‘जमवून घेणे’ हा मार्ग सर्वस्वी त्याज्य होय, कारण तेथून शिरणारी हवा कोणत्याही स्क्रूने दुरुस्त होत नाही. मालमोटारींवर कार्ब्युरेटर व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये वेगनियंत्रक बसविलेला असतो, त्याकडेही दुर्लक्ष होते. तो काढून टाकला तर जुन्या एंजिनास झेपणार नाही एवढा वेग चालकाच्या हाती येतो.

सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे फ्लोटची सुई. वस्तुतः जिवाला धोका आहे तो येथेच. समजा, सुईच्या आसनाचा व्यास २.५ मि.मी. आहे. पेट्रोलची टाकी ६० सें.मी. उंच असून पेट्रोल केवळ उतारावर येत असेल, तर सुईवरचा भार जेमतेम २ ग्रॅम वजनाएवढा होतो. तेच पेट्रोल ०.२५ बार दाबाच्या पंपाने येत असेल, तर तो १२ ग्रॅमांवर, म्हणजे जवळजवळ सहापट, जातो. उताराच्या पुरवठ्यासाठी घडविलेला कार्ब्युरेटर पंपाच्या वाहनावर बसविला, तर फ्लोट सुई बंद ठेवू शकत नाही व पेट्रोल बाहेर सांडते. ज्या एंजिनात आगम व निकास यांचे मॅनिफोल्ड एकाच बाजूस असतात, आणि वर उल्लेखिलेले शेव्हरलेटचे एंजिन तसेच आहे, तेथे हे सांडलेले पेट्रोल तापलेल्या निकास नळीवर पडते. अशा वेळी लहान आसनाची सुई बसवावी किंवा पुरवठ्याचा दाब उतरवावा.

येथवरचा विचार जुन्या पेट्रोलला धरून झाला. आज पंपावर मिळणारे इंधन निराळे आहे, आणि कार्ब्युरेटर बदलण्याचा निर्णय पुष्कळदा त्यामुळेच घ्यावा लागतो. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची कल्पना भारतात नवी नाही. त्याविषयीचा स्वतंत्र कायदा १९४८ मध्येच झाला होता. परंतु २०२२ मध्ये १० टक्के व २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल देशभर आले, त्याने या जुन्या यंत्रांपुढे दोन अडचणी उभ्या केल्या. पहिली रासायनिक. काही जुन्या कार्ब्युरेटरांतील बुचाच्या फ्लोटवर लाखेचा लेप असतो व लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. लेप गेला की बूच पेट्रोल पिते, जड होते व सुई बंद होत नाही. प्रवेगपंपाचा चामडी वायसर व जुने रबर यांचीही हानी होते. जस्ताच्या मिश्रधातूचे कवच, इथेनॉलने ओढून घेतलेली बाष्पाची ओल आणि तळोज्याचा पावसाळा ही त्रयी एकत्र आली, तर चार महिने उभ्या राहिलेल्या वाहनाच्या कार्ब्युरेटरमध्ये पांढरी भुकटी सापडणे यात नवल नाही.

दुसरी अडचण प्रमाणाची. शुद्ध पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ पट. २० टक्के मिश्रणाचा हिशेब केल्यास हा आकडा सुमारे १३.५ वर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ९ टक्के अधिक इंधन हवे. नव्या वाहनांतील संगणक हे आपोआप करतो; कार्ब्युरेटर ते करू शकत नाही. मिश्रणाची किंचित जास्त घनता विचारात घेतल्यावर जेटचे क्षेत्रफळ सुमारे ८ टक्क्यांनी, म्हणजे व्यास ४ टक्क्यांनी, वाढवावा लागतो, १.६ मि.मी.चा जेट १.६६ मि.मी. करावा लागतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण एंजिनास जाणवतो. भारात चालणाऱ्या मालमोटारीचे मिश्रण एवढे विरळ राहिले, तर शक्ती घटते, ज्वलन लांबते आणि निकास झडपा तापून जळतात. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० मध्ये बंद झाल्यापासून या जुन्या झडपांच्या आसनांना मिळणारे संरक्षण गेलेच आहे, तेव्हा ही उष्णता त्यांना अधिकच महाग पडते. या एंजिनांचे संपीडन ६.५ : १ च्या आसपास असल्यामुळे आजच्या इंधनाने ती ठोके मारीत नाहीत. नेमकी त्यामुळेच झडपा जळत असल्याची पूर्वसूचना चालकाला मिळत नाही.

तुलनेसाठी बोरघाटाचा दाखला घेता येईल. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटरचा चढ आहे. हवेची घनता तेवढ्यात ५ टक्क्यांनी उतरते व कार्ब्युरेटरचे मिश्रण सुमारे अडीच टक्क्यांनी दाट होते. घाट चढताना जुन्या मालमोटारी काळा धूर सोडीत, त्याचे हे एक कारण. इंधनाच्या बदलाने होणारा फरक याच्या तिप्पट आहे व उलट दिशेचा आहे. जो कारागीर घाटासाठी जेट बदलण्याचा विचार करतो, त्याने इंधनासाठी तो आधी करावयास हवा.

पर्याय निवडण्याची वेळ आली, म्हणजे वरील सर्व गोष्टींचा अग्रक्रम लावावा लागतो. मूळ नमुना दुरुस्त होण्याजोगा असेल, म्हणजे कवच तडकलेले नसून केवळ थ्रॉटलच्या दांडीची भोके झिजली असतील, तर तेथे पितळी बुशी बसवून तोच ठेवणे सर्वांत श्रेयस्कर. त्याची सळई, जेट व गळे या एंजिनासाठीच जुळविलेले असतात. ते शक्य नसेल तर त्याच जातीचा, त्याच गळ्याचा दुसरा शोधावा, मग तो दुसऱ्या वाहनाचा का असेना. तोही न मिळाल्यास निराळ्या घराण्याकडे जावे. मद्रास येथील कार्ब्युरेटर्स लिमिटेडने परवान्याने बनविलेले सोलेक्स भारतात दीर्घकाळ सर्वत्र मिळत, आणि जीपपासून मालमोटारींपर्यंत कोठेही ‘सोलेक्स चढविणे’ ही गॅरेजांतील नित्याची बाब होती. या प्रथेस शुद्धतावादी नाके मुरडतात; पण गळ्याची नळी व जेट हे दोन्ही बदलता येण्याजोगे असणे हा सोलेक्सचा मोठाच गुण आहे. ज्यांनी गळा मोजून निवडला त्यांच्या मालमोटारी चालल्या. ज्यांनी मोटारगाडीचा २४ मि.मी. गळ्याचा सोलेक्स तसाच मालमोटारीवर बसविला, त्यांना ती चढावर दम टाकताना दिसली आणि दोष सोलेक्सच्या माथी आला.

बसविण्यापूर्वी एक खातरजमा राहते, आणि तिच्यावाचून वरील सर्व श्रम वाया जाऊ शकतात. मॅनिफोल्डला निर्वातमापक जोडावा. तळोजा समुद्रसपाटीलगत असल्यामुळे निरोगी एंजिन मंदगतीत ४३० ते ५३० मि.मी. पाऱ्याएवढा निर्वात स्थिरपणे दाखवील. काटा स्थिर पण खाली असेल, तर ठिणगीची वेळ चुकलेली किंवा मॅनिफोल्डला गळती असण्याचा संभव अधिक. ठराविक लयीत तो झटके देत असेल, तर एखादी झडप धरत नाही. यांपैकी काहीही आढळल्यास कार्ब्युरेटरवर ठपका ठेवण्याची घाई करू नये.

नवा कार्ब्युरेटर बसल्यावर त्याची चाचणी रिकाम्या वाहनावर घेऊन भागत नाही. मुख्य जेट भारातच कामाला येतो. माल भरून, सलग चढावर, पूर्ण थ्रॉटलने काही मिनिटे चालवून एंजिन तेथल्या तेथे बंद करावे व स्पार्क प्लगची चिनीमाती पाहावी : फिकट पांढरी असल्यास जेट वाढवावा, काजळीने माखलेली असल्यास उतरवावा. इथेनॉलमिश्रित इंधनाने ही चिनीमाती मुळातच थोडी फिकट राहते, म्हणून जुन्या पुस्तकांतील तपकिरी रंगाची अपेक्षा धरून जेट वाढवीत बसणे बरोबर नाही. जेट निश्चित झाला, की गळ्याचा व्यास, मुख्य व मंदगतीचा जेट, सुईच्या आसनाचे माप, इंधनाचा प्रकार आणि वर्ष हे सर्व एका पितळी चकतीवर ठोकून ती झाकणाच्या स्क्रूखाली अडकवावी, आणि तोच मजकूर वाहनाच्या कागदपत्रांतही लिहून ठेवावा, कारण झाकण पुढेही कोणीतरी उघडणार आहे.